आजारी लेकराचा नंबर कोण ठरवणार?

वसई-विरारमध्ये पावसाळा सुरू झाला की घराघरांतून एक शब्द कानावर पडू लागतो : ‘नंबर’. हा नंबर रेशनच्या दुकानातला नव्हे की गॅस सिलिंडरचा नव्हे. तो लहान मुलांच्या डॉक्टरकडचा नंबर आहे. नालासोपाऱ्याच्या चाळीत, विरार पूर्वेच्या इमारतीत, वसईच्या गावठाणात लेकरू तापाने फणफणलेले असते. शेजारीण दारात येते आणि ‘बाळ कसे आहे?’ या प्रश्नाच्या आधी ‘नंबर लागला का?’ असे विचारते. आजारी मुलावर उपचार मिळण्यापूर्वी आईबापांना आणखी एक परीक्षा द्यावी लागते, आणि या परीक्षेत कष्टकऱ्यांची मुलेच नेमकी नापास होतात. हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की त्याबद्दल चीड येणेही आता बंद झाले आहे. म्हणूनच त्यावर उघडपणे लिहिण्याची वेळ आली आहे.

हा नंबर लागतो कसा ते पाहू. काही दवाखान्यांत सकाळी आठ वाजता फोन उचलला जातो. वीस-पंचवीस मिनिटे फोन ‘बिझी’ लागतो आणि मग उत्तर येते, ‘आजचे नंबर संपले, उद्या फोन करा.’ काही ठिकाणी दवाखान्याबाहेर वही ठेवलेली असते. पहाटे जाऊन तिच्यात नाव लिहायचे, घरी यायचे आणि दहा वाजता पुन्हा मुलाला घेऊन जायचे. अलीकडे मोबाईलवरून नंबर लावण्याची सोय झाली आहे. ज्याच्याकडे चांगला फोन आहे, इंटरनेट आहे, ज्याला फॉर्म भरता येतो, त्याचा नंबर अंथरुणात पडल्या पडल्या लागतो. ज्या घरात एकच साधा फोन आहे आणि तो घेऊन नवरा पहाटेच्या लोकलने कामावर गेला आहे, त्या घरातील बाईने काय करावे? सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत फोनची भानगड नाही, पण तेथे केस पेपरची रांग आहे आणि ती सकाळची आहे. विरारहून अंधेरी, गोरेगाव, दादर गाठणाऱ्या माणसासाठी सकाळची ओपीडी म्हणजे त्या दिवसाच्या रोजावर पाणी सोडणे होय.

वकिली करताना माणसे कागदपत्रांसाठी येतात आणि बोलता बोलता घरची दुःखे सांगून जातात. नालासोपारा पूर्वेची एक बाई प्रतिज्ञापत्र करून घेण्यासाठी आली होती. ती चार घरची धुणीभांडी करते, नवरा हाऊसकीपिंगच्या कंत्राटात आहे. तिच्या अकरा महिन्यांच्या मुलीला शुक्रवारी रात्री ताप चढला. शनिवारी सकाळी एका खासगी दवाखान्यात फोन केला, तर नंबर संपले होते. ती तशीच मुलीला घेऊन गेली. रिसेप्शनवर सांगण्यात आले, ‘नंबर असलेले पेशंट झाले की बघू.’ ती दीड तास बसून राहिली. तिचे शब्द असे होते : “वकीलसाहेब, आमच्यापुढं जो पोरगा आत गेला तो लसीचं कार्ड दाखवायला आला होता. पळत होता नुसता. माझी पोर मान टाकून पडली होती. मग आधी कोण जायला पाहिजे?” सुदैवाने तिची मुलगी बरी झाली. पण तिने विचारलेला प्रश्न आपण सोडून देता कामा नये. वसई-विरारच्या सगळ्या आरोग्यव्यवस्थेला विचारावा असा तो प्रश्न आहे. आधी कोण जायला पाहिजे?

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने केव्हाच दिलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने बालकांच्या तातडीच्या तपासणीची एक पद्धत घालून दिली आहे आणि आपल्या देशाच्या सरकारी प्रशिक्षणातही ती शिकवली जाते. मूल दवाखान्याच्या दारात आले की नंबर बघायचा नाही, मूल बघायचे. त्याची तीन गटांत वाटणी करायची. पहिला गट तातडीचा, ज्यावर त्याच क्षणी उपचार सुरू झाले पाहिजेत. दुसरा गट प्राधान्याचा, ज्याला रांगेत पुढे घ्यायचे. दोन महिन्यांच्या आतील प्रत्येक आजारी बाळ या दुसऱ्या गटात येते, मग ते वरवर कसेही दिसो. तिसरा गट ज्यांना थांबता येईल अशांचा. ही वाटणी करण्यासाठी मोठा डॉक्टर लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका हे काम काही मिनिटांत करू शकते.

धोक्याची लक्षणेही ठरलेली आहेत आणि ती प्रत्येक आईला ठाऊक असली पाहिजेत. बाळ दूध पीत नाही किंवा पाणीही घेत नाही, दिलेले सगळे उलटून टाकते, आकडी येते, सुस्त पडते, हाक मारली तरी जागे होत नाही. यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी नंबरची वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय गाठायचे. श्वास मोजण्याचा हिशेबही साधा आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाची हालचाल मोजायची. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असेल तर तो जलद श्वास समजला जातो आणि न्यूमोनियाची शंका घेतली जाते. खेड्यापाड्यातील आशाताईंना ही लक्षणे शिकवली जातात. मग शहरातल्या दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या व्यक्तीला ती का माहीत नसावीत? तिला फक्त वहीतील अनुक्रमांक का दिसावा? न्यूमोनिया आणि जुलाब हे आजही जगभर पाच वर्षांखालील मुलांचे मोठे मारेकरी आहेत, आणि या दोन्ही आजारांत वेळेवर मिळालेल्या साध्या उपचारांनी मूल वाचते. वेळ गेली तर तेच मूल अतिदक्षता विभागात जाते आणि बाप कर्जात जातो.

नंबर न मिळालेले लेकरू कुठे जाते, हेही पाहिले पाहिजे. ते ‘लगेच बघणाऱ्या’ डॉक्टरकडे जाते. रात्री अकरापर्यंत उघडा असलेला, फोनची गरज नसलेला, कमी पैशांत सुई टोचून सलाईन लावणारा डॉक्टर गल्लीत बसलेला असतो. त्यातले काही प्रामाणिक आणि नोंदणीकृत असतात, काहींच्या भिंतीवरची पदवी मात्र खोटी असते. वसई-विरार परिसरात बोगस डॉक्टरांवर कारवाई झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ प्रमाणे नोंदणीशिवाय वैद्यकी करणे हा गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण एकाला पकडले की दुसरा शटर उघडतो, याचे कारण काय? खरा डॉक्टर जेथे आणि जेव्हा मिळत नाही, तेथे आणि तेव्हा खोटा डॉक्टर मिळतो, हे त्याचे कारण आहे. रात्री नऊ वाजता खरा बालरोगतज्ज्ञ उपलब्ध करून द्या, बोगस डॉक्टरची निम्मी गर्दी आपोआप ओसरेल. केवळ धाडी टाकून हा धंदा बंद होणार नाही.

आता जबाबदारीकडे वळू. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर भरली. त्यानंतर गेल्या दीड दशकात सातिवली, वालीव, पेल्हार, धानीव, चंदनसार या पट्ट्यात किती चाळी आणि किती इमारती उभ्या राहिल्या, हे लोकलच्या दरवाजात लटकणाऱ्या प्रत्येकाला दिसते. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणसे येथे येतात. घर मिळते, पण त्या घराबरोबर पाणी, रस्ता आणि दवाखाना मिळेलच असे नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत. सार्वजनिक रुग्णालये आणि दवाखाने चालवणे हे त्यांतील एक कर्तव्य आहे. ती मर्जी नाही, मेहेरबानी नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही सार्वजनिक आरोग्य हा विषय नगरपालिकांकडे आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष असा की साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. २०११ चीच लोकसंख्या धरली तरी या शहराला किमान चोवीस केंद्रे लागतात. आजच्या लोकसंख्येला त्याहून कितीतरी अधिक. कामकरी लोकांसाठी संध्याकाळची ओपीडी चालवावी, असेही या अभियानात अपेक्षित आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये राज्यभर ‘आपला दवाखाना’ योजना सुरू करताना दुपारी २ ते रात्री १० ही वेळ ठरवली. याचा अर्थ, कष्टकरी माणसाला सकाळी दवाखाना जमत नाही, ही गोष्ट सरकारला माहीत आहे. मग प्रश्न असा उरतो की आपल्या वॉर्डातील केंद्राचे दार संध्याकाळी प्रत्यक्षात उघडे असते का? तेथे डॉक्टर असतो का? आणि लहान मुलांचा डॉक्टर आठवड्यातून किती तास येतो? ही माहिती प्रत्येक केंद्राच्या दारावर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लावण्यास कोणता खर्च येतो?

वसई गावातील सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपाऱ्यातील तुळिंजचे रुग्णालय हे येथील गोरगरिबांचे आधार आहेत. ती मोडीत काढून खासगीकडे वळा, असे कोणी सांगत असेल तर आपण त्याला विरोधच केला पाहिजे. आपली मागणी ती रुग्णालये वाढवण्याची आहे. पण आज या शहरातले मूल गंभीर झाले की पहिला सल्ला काय मिळतो? ‘मुंबईला न्या.’ मग आईबाप लेकराला घेऊन कांदिवलीचे शताब्दी, म्हणजेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, नाहीतर परळचे वाडिया किंवा केईएम गाठतात. विरार ते चर्चगेट हा ६० किलोमीटरचा रेल्वेमार्ग आहे. त्या गर्दीत सलाईन लावलेले मूल घेऊन कोण चढणार? आणि रस्त्याने जावे तर महामार्गाची अवस्था आपण जाणतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वसई तालुक्यातील जेमतेम सोळा महिन्यांचे एक बाळ घरातून पडून जखमी झाले. त्याला मुंबईला हलवण्यास सांगण्यात आले. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील कोंडीत रुग्णवाहिका काही तास अडकून पडली आणि ते बाळ वाटेतच गेले. दोष वाहतुकीला दिला गेला आणि तो योग्यच होता. पण लाखो लोकवस्तीच्या शहरातील जखमी बाळाला उपचारासाठी शहराबाहेर का न्यावे लागले, हा प्रश्न त्या कोंडीत हरवून गेला.

आपण राहतो तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जव्हार आणि मोखाडा आहेत. तेथील आदिवासी मातेला तर नंबर लावायलाही डॉक्टर नाही. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ साली कुपोषण आणि आजाराने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर तीस वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, मोखाडा तालुक्यातील मरकटवाडीत बाळंतिणीला रस्त्याअभावी झोळीतून न्यावे लागले. तिची जुळी बाळे दगावली. तेथील मुले नाशिकला किंवा सिल्वासाला न्यावी लागतात, आपली मुंबईला. मोखाड्याच्या पाड्यावर रस्ता नाही आणि नालासोपाऱ्याच्या चाळीत नंबर नाही. दोन्हीकडच्या आईची हतबलता सारखीच आहे. म्हणून या प्रश्नावर शहरी आणि आदिवासी अशी फूट पडू देता कामा नये.

कायदा काय म्हणतो? घटनेच्या कलम २१ ने प्रत्येकाला जगण्याचा हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले की तातडीच्या रुग्णाचा जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका माणसाला कोलकात्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘जागा नाही’, ‘सोय नाही’ म्हणून परत पाठवले होते. त्याला शेवटी खासगी रुग्णालयात जावे लागले. न्यायालयाने हा कलम २१ चा भंग ठरवला, त्याला २५ हजार रुपयांची भरपाई देवविली आणि पैशांची अडचण हे सरकारला कर्तव्य टाळण्याचे कारण होऊ शकत नाही, असे बजावले. कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळण्यासाठी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभारण्याची गरजही त्याच निकालात सांगितली आहे. या निकालाला तीस वर्षे होत आली. आजही आपल्या शहरातील बाप रात्री एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात रिक्षाने फिरतो आणि प्रत्येक दारात ‘खाट आहे का?’ असे विचारतो.

याशिवाय घटनेच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे, तर कलम ३९ च्या (च) खंडाने बालकांच्या निकोप वाढीची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या २४ व्या अनुच्छेदात बालकाचा आरोग्यसेवेचा हक्क मान्य केलेला आहे. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी संस्थेत एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला औषधे, तपासण्या, उपचार आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेणारे वाहन मोफत मिळण्याची तरतूद आहे. किती आईबापांना हे माहीत आहे? आणि किती ठिकाणी ते आपणहून सांगितले जाते?

खासगी रुग्णालयांबाबतही कायदा अगदीच मुका नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा झाली. तिच्याप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे आणि तक्रार ऐकण्याची जबाबदारी स्थानिक आरोग्य यंत्रणेवर आहे. धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मात्र ज्या दवाखान्यात खाटाच नाहीत, फक्त तपासणी होते, तो शुश्रूषागृहाच्या कायद्यात बसत नाही. असे दवाखानेही ज्याच्या कक्षेत येतात तो केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्यामुळे ज्या दारात सामान्य माणूस सर्वांत जास्त वेळा जातो, त्याच दारावर नियमांची पकड सर्वांत सैल आहे. ही पोकळी भरून काढण्याची मागणी विधिमंडळात कोण करणार?

रोजगाराचा मुद्दा तर कोणी काढतच नाही. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत काम करणाऱ्या कामगाराचा ईएसआय कापला जात असेल, तर त्याच्या मुलांनाही वैद्यकीय सेवा मिळते. पण आजारपणाचा भत्ता मात्र कामगार स्वतः आजारी असेल तरच मिळतो. मूल आजारी पडले म्हणून त्याने खाडा केला तर तो दिवस बिनपगारी. धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर तेवढेही संरक्षण नाही. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकापासून आजारी मुलाच्या देखभालीसाठी आईला किंवा बापाला भत्त्यासह रजा मिळते. एका मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत. श्रीमंत देशाची गोष्ट म्हणून ती उडवून लावू नका. मूल आजारी पडले की घरातले एक कमावते माणूस अडकते, एवढी साधी गोष्ट त्यांच्या कायद्याने ओळखली. आपल्या कायद्याने अजून ती ओळखलेली नाही.

हा विचार आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीतील स्त्री कामगारांच्या प्रसूतीच्या पगारी रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याच्या योजनेला त्यांच्याच खात्यात आकार आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. ज्या घरात हा विचार रुजला, त्या घराने काय सोसले हे आपल्याला ठाऊक आहे. गंगाधर, रमेश, इंदू आणि जुलै १९२६ मध्ये राजरत्न, अशी चार लेकरे बाबासाहेब आणि रमाईंनी गमावली. आपण रमाईच्या त्यागाची गाणी जयंतीला म्हणतो. पण आज आपल्याच वस्तीतील एखादी आई मांडीवर तापलेले मूल घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलेली असते, तेव्हा तिच्यासाठी आपण काय करतो, याचाही विचार व्हायला हवा.

येथे डॉक्टरांची बाजूही मांडली पाहिजे. दिवसाला शंभर मुले तपासणारा बालरोगतज्ज्ञ हा काही आपला शत्रू नव्हे. तोही माणूस आहे, त्यालाही झोप लागते, त्याच्याही घरी लेकरे आहेत. वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे तातडीची स्थिती वगळता कोणता रुग्ण घ्यावा हे ठरवण्याची मोकळीक खासगी डॉक्टरला आहे. संतापाच्या भरात डॉक्टरच्या अंगावर हात टाकणे किंवा काचा फोडणे हा २०१० च्या महाराष्ट्रातील कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि त्यातून एकाही मुलाला नंबर मिळत नाही. उलट त्या वस्तीत यायला डॉक्टर घाबरतात. आपले भांडण व्यवस्थेशी आहे. महापालिका आपले कर्तव्य पार पाडत नाही, म्हणून सारा भार मूठभर खासगी बालरोगतज्ज्ञांवर पडतो आणि मग नंबर ही बाजारातील वस्तू बनते.

जून २०२० पासून पाच वर्षांहून अधिक काळ या महापालिकेत नगरसेवकच नव्हते. प्रशासकाचा कारभार होता आणि गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे हेच लोकांना कळत नव्हते. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. आता आपण मत दिलेली माणसे सभागृहात बसली आहेत. त्यांच्याकडे पुढील मागण्या लेखी स्वरूपात गेल्या पाहिजेत.

पहिली मागणी : महापालिकेच्या प्रत्येक रुग्णालयात लहान मुलांची ओपीडी संध्याकाळी चालावी, आणि शहराच्या किमान चार भागांत रात्रीही बालरोगतज्ज्ञ हजर असावा. रविवारी मुले आजारी पडत नाहीत, असे कोणी समजू नये.

दुसरी : केस पेपरच्या खिडकीआधी प्रशिक्षित परिचारिका बसवावी. तिने मूल पाहावे आणि धोक्याचे लक्षण असलेल्या मुलाला थेट आत पाठवावे. केस पेपर नंतरही निघू शकतो.

तिसरी : प्रत्येक केंद्राच्या दारावर डॉक्टरांच्या हजेरीचे वेळापत्रक आणि तक्रारीसाठी जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा व फोन नंबर लावावा.

चौथी : शहरातील सरकारी, महापालिकेच्या आणि खासगी रुग्णालयांतील लहान मुलांच्या रिकाम्या खाटांची माहिती एका फोनवर, चोवीस तास मिळावी. १९९६ च्या निकालात सांगितलेली यंत्रणा हीच आहे.

पाचवी : मुलाला दुसरीकडे पाठवायचे असेल तर पाठवणाऱ्या रुग्णालयाने आधी फोन करून खाट निश्चित करावी, चिठ्ठीवर कारण लिहावे आणि रुग्णवाहिका द्यावी. नुसते ‘मुंबईला न्या’ म्हणून हात झटकणे बंद झाले पाहिजे.

आता थोडे आपल्या बाजूनेही करण्यासारखे आहे. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयाने गंभीर मुलाला नाकारले तर नकार लेखी मागा. ‘डॉक्टर नाहीत, म्हणून तपासले नाही’ एवढे एक वाक्य तारीख-वेळेसह कागदावर द्या, असे शांतपणे सांगा. ते लिहून देणे सोपे नसते, त्यामुळे अनेकदा डॉक्टरच उपलब्ध होतो. कागद मिळाला तर तो पुरावा ठरतो. नाहीच दिला तर घरी आल्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण आपणच वहीत लिहून ठेवा आणि महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे अर्ज करून पोच घ्या. माहिती अधिकार कायद्याखाली आपल्या वॉर्डातील केंद्रात बालरोगतज्ज्ञाची पदे किती मंजूर, किती भरलेली आणि गेल्या सहा महिन्यांत ते किती दिवस हजर होते, हे विचारा. दहा रुपयांच्या अर्जाने जे बाहेर येते ते दहा मोर्चांनी येत नाही. तातडीत १०८ वर फोन करून रुग्णवाहिका मागवता येते, हे वस्तीतील प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे.

आपल्या विहारांत, मंडळांत, महिला बचत गटांत दर महिन्याला एक तास या कामासाठी ठेवता येईल. आईबापांना श्वास मोजायला शिकवा, धोक्याची लक्षणे भिंतीवर लिहा, ज्यांच्याकडे चांगला फोन आहे अशा दोन तरुणांनी शेजारच्या घरांसाठी नंबर लावून द्यावा, आणि नाकारलेल्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवावी. वकील मित्रांनी ते अर्ज विनामूल्य लिहून द्यावेत. माझ्यासारखे काही जण त्यासाठी तयार आहेत. सहा महिन्यांच्या नोंदी एकत्र झाल्या की त्या घेऊन आयुक्तांकडे जाता येईल आणि तेथे दाद मिळाली नाही तर उच्च न्यायालयात. एकट्या आईला रिसेप्शनवरून परत पाठवता येते. शंभर नोंदींचा गठ्ठा घेऊन आलेल्या शंभर आयांना परत पाठवणे कोणत्याही अधिकाऱ्याला जमणार नाही. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी हे काम सुरू झाले पाहिजे.